पोतेऱ्याने ऐकलेला शब्द

मी एक जुने पोतेरे आहे. हसू नका, मित्रांनो. दप्तर, घड्याळ, छत्री, फाटके पुस्तक अशा सगळ्यांनी आपापल्या गोष्टी तुम्हाला सांगितल्या असतील, मग फरशी पुसणाऱ्या फडक्यानेच काय पाप केले? उलट घरातल्या खऱ्या भानगडी सर्वांत आधी आम्हालाच कळतात. जे सांडते, जे निसटते, जे कुणाला कळू द्यायचे नसते, ते सगळे शेवटी आमच्याच पदरात पडते. माझ्या पदरात जे पडले ते ऐकून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मला सवय आहे.

जन्माने मी पोते. जाड सुती कापडाचे, पांढरेशुभ्र, पोटावर लाल अक्षरांत 'उत्तम मैदा' असे छापलेले. मागावर माझा धागा न् धागा इतका घट्ट ठोकून बसवला होता की पन्नास किलो मैदा पोटात घेऊनही माझी शिवण कधी उसवली नाही. मैदा संपल्यावर बेकरीतल्या माणसांनी मला उकळत्या पाण्यात धुतले, उभे उसवले आणि मळून ठेवलेल्या पिठावर झाकण म्हणून घातले. ते माझे वैभवाचे दिवस होते. खाली पीठ हळूहळू फुगत असायचे आणि वर मी ऊब धरून पसरलेले. भट्टी सांभाळणारा कारागीर सगळ्यांना बजावायचा, "ह्या कापडाला हात लावू नका रे. ह्याच्याखाली पीठ फुगतं तसं दुसऱ्या कशाखाली फुगत नाही." एवढे कौतुक मला पुढच्या आयुष्यात पुन्हा कधी ऐकायला मिळाले नाही, म्हणून ते शब्द मी जसेच्या तसे पाठ करून ठेवले आहेत.

पण दिवस सारखे नसतात. एकदा तापलेल्या पत्र्याची कड लागली आणि माझ्या मधोमध बशीएवढे भोक पडले. कारागिराने मला फेकले नाही, घरी आणले. त्याच्या बायकोने मला उलटेपालटे करून पाहिले, भोकावर ठिगळ लावावे की नाही याचा क्षणभर विचार केला आणि मोरीजवळच्या खिळ्याला अडकवले. अशा रीतीने पोत्याचे पोतेरे झाले.

तक्रार नव्हती. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढेच ते घर. पुढचे दार गल्लीत उघडायचे आणि मागचे दार एका मोकळ्या जागेत. तिथे कुणीतरी बांधकामासाठी वाळूचा ढीग टाकला होता आणि मग बांधकामच विसरले होते. घरची बाई टापटिपीची. सकाळी एकदा सगळी फरशी पुसायची, मला तीन पाण्यांतून काढायची, पिळायची आणि मागच्या भिंतीवर उन्हात टाकायची. दुपारी मी कडक वाळून पुन्हा खिळ्यावर. तो कारागीर, म्हणजे आमचे भट्टीवाले, पहाटे तीनला कामावर जायचे, अकराला यायचे आणि जेवून चारपर्यंत झोपायचे. पुढे घरात बाळ आले. तेही दिवसातून चारदा झोपायचे आणि पाचदा उठायचे. घर शांत ठेवणे हे बाळाच्या आईचे निम्मे काम होऊन बसले. तरी सगळे सुरळीत चालले होते.

मग आजोबा आले आणि त्यांच्या मागोमाग भुश्या आला.

आजोबा म्हणजे बाळाच्या आईचे वडील. एकतीस वर्षे ते लाकडाच्या एका वखारीत रखवालदार होते आणि वखारीतल्याच पत्र्याच्या खोलीत राहत होते. दिवसभर शेजारी लाकूड कापायचे यंत्र करकरायचे. त्याने त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा अर्धाच उरला होता. त्यामुळे आपले बोलणे लोकांना ऐकू जात नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. साधे "पोरी, चहा झाला का गं?" असे विचारले, तरी ते वखारीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला हाक मारल्यासारखे असायचे. मालकाने वखारीची जागा विकली, तेव्हा लेक स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. "आता इथंच राहायचं," असे तिने त्यांना रिक्षातच बजावले होते. लेकीच्या घरी राहायला आजोबा अवघडत होते. त्यांनी सोबत एक पत्र्याची ट्रंक आणली आणि सुतळीला बांधलेले नऊ महिन्यांचे एक कुत्रे आणले. एक कान उभा, एक पडलेला. फळ्यांच्या थप्पीखाली जन्मलेला आणि लाकडाच्या भुशात लोळून वाढलेला, म्हणून त्याचे नाव भुश्या.

आता नऊ महिन्यांचे कुत्रे म्हणजे तान्हे पिल्लू नव्हे, मित्रांनो. पिल्लाला काही ठाऊक नसते, त्यामुळे जे सांगाल ते ते शिकते. ह्या घोडनवऱ्याला सगळे ठाऊक होते आणि ते सगळे उलटे होते. छत म्हणजे ट्रकची खालची बाजू, अंथरूण म्हणजे भुसा आणि लाकूड दिसले की तंगडी वर, एवढे त्याचे शिक्षण. तो घरात शिरला आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याने टेबलाचे चारही पाय एकामागोमाग एक तपासून ओले केले. मग खाटेचा एक पाय. मग दाराची चौकट. मग पाण्याचा साठा संपला, म्हणून तो घोटभर पाणी प्यायला गेला.

दिवसातून एकदा पुसणारे मी, आता अकरा-बारा वेळा पुसू लागले. पोतेऱ्याला नाक नसते, तरी माझ्या नाकी नऊ आले. वाळायला वेळ मिळेना. पिळायचे, बादलीच्या काठावर टाकायचे, की लगेच पुढची हाक. कधीकधी पिळायलाही कुणाला फुरसत नसायची. माझ्या अंगाला असा वास येऊ लागला की झुरळही मला वळसा घालून जायचे. कुठे ते फुगणाऱ्या पिठावरचे दिवस आणि कुठे हे! मी त्या कुत्र्यावर मनापासून चिडत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरच्यांनी काय केले नाही? जुनी वर्तमानपत्रे पसरून पाहिली. भुश्याने ती फाडून त्यांच्यावर झोप काढली आणि नंतर उठून कोरड्या फरशीवर कार्यक्रम उरकला. मागच्या दाराबाहेर बांधून पाहिले, तर आजोबा दिसेनासे होताच त्याने असा गळा काढला की झोपलेले भट्टीवाले खाटेवर उठून बसले. रागावून पाहिले. रागावले की तो खाटेखाली शिरायचा आणि तिथेच घाबरून करायचा, मग मला काठीला गुंडाळून खाटेखाली घालावे लागायचे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. फक्त इथे ते पाणी नव्हते.

अशात एके सकाळी बाळ पालथे पडले. सगळ्यांना आनंद झाला, पण बाळाच्या आईच्या कपाळावर आठी पडली. ती आजोबांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणाली, "बाबा, महिन्या-दोन महिन्यांत हे रांगायला लागेल. त्याच्या आत ह्याला शिकवा. नाहीतर ह्याची दुसरीकडे कुठं तरी सोय बघावी लागेल. मला नाही जमणार."

"तो जाईल तिथं मी जाईन!" आजोबा हसून गरजले. बाळ दचकून रडायला लागले. तिने घाईने ओठांवर बोट ठेवले. तेव्हा ते वाक्य सगळ्यांनी थट्टेवारी नेले. मी मात्र आजोबांच्या पायांशी होते. त्यांचे पाय हसत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आजोबा भुश्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि विजयी मुद्रेने परत आले. "बाई म्हणाल्या, जनावर हुशार आहे! दर दोन तासांनी बाहेर न्यायचं. जागा एकच. शब्द एकच. केलं रे केलं की खाऊ द्यायचा! सगळं कागदावर लिहून दिलंय," असे म्हणून त्यांनी घडी घातलेला कागद दाखवला आणि न वाचताच सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला. सांगितलेले समजले असताना वाचायचे कशाला?

"कुठला शब्द ठरवलात?" लेकीने खुणेने विचारले.

आजोबांनी जावयाकडे पाहिले, खाकरले आणि म्हणाले, "आहे एक." जावयासमोर तो शब्द उच्चारायला त्यांना लाज वाटली. मित्रांनो, त्या एका लाजेपायी मी पुढचा दीड महिना काय भोगले, ते माझे मला माहीत.

तर प्रशिक्षण सुरू झाले. भट्टीवाले बेकरीतून मोडक्या टोस्टचा चुरा आणायचे, तो आजोबांच्या खिशात. घड्याळ पाहून दर दोन तासांनी स्वारी मागच्या दाराने वाळूच्या ढिगाकडे. परत आले की आजोबांचा चेहरा फुललेला. "केलं! पहिल्या हाकेला केलं!" घरात क्षणभर समाधान. आणि पंधरा-वीस मिनिटे जात नाहीत, तोच भुश्या घराच्या मधोमध उभा राहून तंगडी वर करायचा. ये रे माझ्या मागल्या!

पहिल्यापेक्षा हे वाईट होते. आधी तो कोपरे शोधायचा, लपून करायचा. आता उजळ माथ्याने करू लागला. बाळाच्या आईच्या अगदी समोर, तिच्या तोंडाकडे पाहत दोन-चार थेंब आणि मग शेपूट हलवत बसून राहायचा, जणू काही बक्षीसच मिळणार आहे. मिळायचे ते बोलणे. मग पडलेला कान आणखी पडायचा आणि तो खाटेखाली जायचा.

"मुद्दाम करतो हा!" ती रडकुंडीला येऊन नवऱ्याला म्हणाली. "आत्ताच बाहेर करून आला आणि माझ्या डोळ्यांत बघून पुन्हा केलं. मला खिजवतोय."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच," भट्टीवाले जांभई देत म्हणाले आणि कूस बदलली.

मला त्यांचे शंभर टक्के पटले. असे कृतघ्न जनावर मी पाहिले नव्हते. तेव्हाचे माझे मत जसे होते तसे सांगते, कारण नंतर मला त्याची फार लाज वाटली.

असेच एका सकाळी, मी बादलीत कुबट वास मारत पडलेले असताना आजोबांची माझ्यावर नजर गेली. "काय ही दशा करून ठेवलीय ह्याची," असे काहीतरी पुटपुटत त्यांनी मला साबण लावला, दगडावर आपटले, स्वच्छ पिळले आणि मागच्या भिंतीवर उन्हात पसरले. किती दिवसांनी ऊन लागले अंगाला! मी सैलावले. तेवढ्यात दोन तास झाले आणि आजोबा भुश्याला घेऊन बाहेर आले. वाळूच्या ढिगाशी आले, इकडेतिकडे पाहिले, कुणी नाही अशी खात्री केली. मग हा आडदांड माणूस, ज्याला हळू बोलणे म्हणजे काय ते माहीत नव्हते, तो कमरेत वाकला आणि कुत्र्याच्या उभ्या कानाशी अगदी बारीक, लाडिक आवाजात म्हणाला,

"शूऽऽ... कर रे बाळा, शूऽऽ..."

भुश्याने तत्काळ तंगडी वर केली. "शाब्बास माझ्या पठ्ठ्या!" टोस्टचा तुकडा. भुश्याने तो खाल्ला आणि आजोबांच्या गुडघ्याला डोके घासले.

मी पाहत राहिले. हा शब्द आपण कुठेतरी ऐकलाय, फार ऐकलाय, असे वाटू लागले. थोड्या वेळाने मागच्या खिडकीतून आतला आवाज आला. आजोबा घरात जाऊन ट्रकवाल्याच्या आवाजात विचारत होते, "पोरी, माझी चप्पल कुठं गेली गं?" आणि लगेच त्यांच्या लेकीची दबकी कुजबूज आली, "शूऽऽ! बाबा, हळू! बाळ झोपलंय!"

आणि पाठोपाठ तिची किंकाळी. "केलं! पुन्हा केलं ह्यानं!"

मित्रांनो, पोतेऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडतो तो असा. मी मागचे सगळे दिवस उलगडून पाहिले. भट्टीवाले झोपले की "शू". बाळ झोपले की "शू". आजोबा बोलले की "शू". कूकरची शिट्टी झाली, तर ही बाई कूकरलाही "शू" म्हणायची. दिवसातून पन्नास वेळा त्या घरात भुश्याला हुकूम होत होता आणि तो गुणी जीव, पोटात असो वा नसो, दोन थेंब तरी काढून हुकूम पाळत होता. पाळून झाल्यावर टोस्टची वाट पाहत बसत होता. आणि ते खिजवणे नव्हते.

आजोबांना हे का कळू नये? कारण घरातले "शू" नेहमी कुजबुजत असायचे. त्यांना नुसते ओठांवरचे बोट दिसायचे, शब्द ऐकूच जायचा नाही. लेकीला का कळू नये? कारण आजोबांचा शब्द वाळूच्या ढिगापलीकडे कधी गेला नव्हता. साऱ्या घरात खरे काय ते फक्त मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, मला तर दाबायलाही तोंड नव्हते. रोज ती शू म्हणायची, रोज तो करायचा, रोज मला ओढून आणले जायचे. फरशीवरून मागेपुढे होताना मी जीव तोडून ओरडायचे, "अगं बाई, तूच सांगतेस त्याला!" तिला त्यातले फक्त 'फच् फच्' ऐकू यायचे.

असे पाच आठवडे गेले. भुश्या आता घरात भित्रा झाला होता. बाहेर तेच केले की शाबासकी, आत तेच केले की शिव्या. कुणाचेही डोके फिरेल. आजोबाही कमी बोलू लागले. ताट स्वतः उचलायचे, कोपऱ्यात अंग चोरून बसायचे. बाळाची आई चिडचिडी झाली होती, रात्रीच्या जागरणाने डोळे खोल गेले होते. कुणाचीच चूक नव्हती आणि सगळेच एकमेकांवर धुसफुसत होते.

शेवटी तो दिवस आला. दुपारची वेळ. बाळ सतरंजीवर पालथे पडले होते. एकाएकी त्याने गुडघे टेकले, ढुंगण उचलले, दोनदा मागेपुढे झोके घेतले आणि एक हात पुढे टाकला. पहिल्यांदाच! "रांगतंय! अगं ए, रांगतंय बघ!" आजोबा आनंदाने ओरडले. भट्टीवाले नुकतेच येऊन आडवे झाले होते. सवयीप्रमाणे तिच्या तोंडून निघून गेले, "शूऽऽ! हळू, बाबा!" भुश्या सतरंजीच्या कडेलाच होता. त्याने हुकूम पाळला. बाळाने दुसरा हात पुढे टाकला, तो थेट त्यात. आणि तोच हात तोंडात.

मग तिचा बांध फुटला. तिने बाळाला उचलले आणि आयुष्यात बोलली नसेल असे बोलली. "बस्स झालं! दोघांनाही घरात राहायची सवय नाही! तो घाण करतो आणि तुम्ही ओरडता! ही वखार आहे का?"

अर्ध्या कानाच्या आजोबांना त्या दिवशी सगळे ऐकू आले.

त्यांनी मला घेतले आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. कोरडी झाली तरी पुसतच राहिले. मी पन्नास किलो मैदा पेलला आहे, पण त्या हाताचे ओझे मला पेलवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ट्रंक दारात आली. शहराबाहेर त्यांच्या ओळखीच्या माणसाची वखार होती. तिथे रखवालदार हवा होता आणि राहायला खोली होती. आजोबांना थंडीत खोकला व्हायचा, रात्री दोनदा उठावे लागायचे. त्या वयात पुन्हा पत्र्याची खोली!

"बाबा, मी रागात बोलले," लेक म्हणाली.

"बरोबर बोललीस, पोरी. आम्ही बाहेरची माणसं. आता ह्या वयात नवीन काय शिकणार?"

तिने भुश्याकडे पाहिले, मग पाळण्याकडे. कुत्रे राहू दे, असे ती कुठल्या तोंडाने म्हणणार? बाळाचा तो हात तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आजोबांना जाऊ द्यायचे नव्हते आणि थांबवताही येत नव्हते. आजोबांनी भुश्याला शेवटचे वाळूवर फिरवून आणले, ट्रंकेची कडी धरली आणि म्हणाले, "बाळाला दाखवायला आणशील ना कधी?"

ते ऐकून ती मोठ्याने रडली. अगदी लहान मुलीसारखी, भोकाड पसरून. भट्टीवाले आजोबांना निरोप द्यायला त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभे होते. पाळणा हलला. ते घाबरून म्हणाले, "शूऽऽ! अगं, आत्ताच झोपलंय ते!"

भुश्याने तंगडी वर केली. जेमतेम दोन थेंब, ट्रंकेवर. मग तो भट्टीवाल्यांच्या समोर जाऊन बसला आणि त्यांच्या हाताकडे टक लावून पाहू लागला.

आजोबांच्या हातातून ट्रंकेची कडी सुटली.

"जावईबापू," ते म्हणाले, "आत्ता काय म्हणालात?"

"मी? काही नाही. नुसतं शू म्हणालो."

भुश्या उठला. पुन्हा तंगडी वर केली. आता आत काहीच उरले नव्हते, तरी बिचारा एका पायावर कापत उभा राहिला.

आजोबा ट्रंकेवर मटकन बसले, ओल्या जागेसकट. त्यांनी खिशातला डॉक्टरीणबाईंचा कागद काढून लेकीच्या हातात दिला. तिने डोळे पुसत वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिले होते, 'शब्द असा निवडावा, जो घरात एरवी कुणी उच्चारत नाही.'

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही ह्याला काय शिकवलंत?"

आजोबांनी मान खाली घातली. "तुला शिकवलं होतं तेच. दुसरं कुठं येतं मला? तुझी आई आजारी असायची, वखारीच्या मागं तुला मीच घेऊन जायचो."

मग तिला हसू फुटले, रडणे थांबायच्या आतच. भट्टीवाल्यांनाही फुटले. आजोबांचे खांदे हलू लागले. बाळ झोपलेले, त्यामुळे मोठ्याने हसता येईना आणि एकमेकांना गप्प करायला तोंडात एकच शब्द येत होता, तो उच्चारायची सोय राहिली नव्हती. तिघेही तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी काढत, आवाज न करता हसत होते. भुश्या आळीपाळीने सगळ्यांच्या हातांकडे पाहत होता. बाळाची आई त्याच्यासमोर फरशीवर बसली, त्याचे डोके धरले आणि म्हणाली, "चुकलं रे माझं." मग आजोबांच्या खिशात हात घालून तिने त्याला मूठभर टोस्ट दिला. पन्नास वेळांचा थकलेला हिशेब एकदम. तिने ट्रंक स्वतः ओढत आत नेली.

"त्याला नवा शब्द शिकवतो मी," आजोबा ओशाळून म्हणाले.

"नको," ती म्हणाली. "त्याचा शब्द त्याला राहू द्या, त्यानं तो नीट पाठ केलाय. आपला आपण बदलू."

त्या दिवसापासून घरात 'गुपचूप' हा शब्द आला. सोपे गेले नाही. जुनी सवय माणसांचीही सहजासहजी जात नाही. भट्टीवाले तर झोपेतसुद्धा जुनाच शब्द बोलायचे आणि मला उठावे लागायचे. पण बाराचे सहा झाले, सहाचे दोन, आणि एके दिवशी सकाळच्या पुसण्याखेरीज मला कुणी हातच लावला नाही. मी खिळ्यावर बसून वाट पाहत राहिले. खोटे कशाला बोलू, थोडे चुकल्याचुकल्यासारखेही वाटले.

आता माझे धागे विरले आहेत. ती लाल अक्षरे जाऊन नुसते 'उत्त' उरले आहे. बाळ चालू लागले आहे आणि आता त्यालाही शिकवायची वेळ आली आहे. रोज सकाळी आजोबा एका हाताला नातू आणि दुसऱ्या हातात सुतळी धरून वाळूच्या ढिगाकडे जातात. शब्द एकदाच म्हणावा लागतो.

तर मित्रांनो, घरात कुणी पुन्हा पुन्हा तीच चूक करत असेल, तर ओरडण्याआधी एकदा त्याला विचारा, बाबा रे, तुला ऐकू काय आलं? विचारून बघा, दोन मिनिटांचे काम आहे. ते न केल्यामुळे एक म्हातारा माणूस दारापर्यंत गेला होता, हे मी खालून पाहिले आहे. आणि जाता जाता माझ्यासाठी एवढेच करा. काम झाले की आम्हाला नीट धुवा, पिळा आणि मागच्या भिंतीवर उन्हात टाका. बादलीत कोंबून ठेवलेल्या पोतेऱ्याला काही दिसत नाही.